हिच्या बोलण्याची तपासणी

३ मार्च, सोमवार

आजपासून डायरी. स्पीचबाईंनी सांगितलं म्हणून नाही. त्या म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, लक्षात राहायला मदत होईल. माझ्या सगळं लक्षात असतं. पण सेल्समनशिपवर एक पुस्तक लिहायचं बरेच दिवस मनात आहे, त्याला कच्चा माल लागेल. नावसुद्धा ठरलंय: 'बोला आणि विका'. तर हा कच्चा माल. कोणी वाचायचा नाही.

आधी पार्श्वभूमी. मी फर्निचरच्या शोरूममध्ये बेडरूम विभागाचा मुख्य. नोव्हेंबरमध्ये एका गिऱ्हाइकाला दुमजली पलंगाची मजबुती दाखवायला वर चढलो आणि उड्या मारल्या. पलंगाला काही झालं नाही. मी खाली आलो. वाटेत संगमरवरी टॉपचं सेंटर टेबल होतं. टेबलालाही काही झालं नाही. आमचा माल आहेच तसा.

पुढचे काही दिवस मी हॉस्पिटलात बेशुद्ध होतो म्हणतात. मला हे पटत नाही, कारण मला तसं काही आठवत नाही.

आता ठणठणीत आहे. तरी मालकांनी मागे गोदामात गाद्यांना लेबलं लावायला बसवलंय. म्हणे डोक्याला मार लागलेल्या माणसाचं बोलणं तपासून घ्यावं लागतं. स्पीचबाई म्हणजे हॉस्पिटलातल्या वाचातज्ज्ञ. त्या हो म्हणाल्या तर मी पुन्हा फ्लोअरवर, गिऱ्हाइकांसमोर. वार्षिक सेल १ एप्रिलला. त्याच्या आत होकार पाहिजे. माझ्या जागी सध्या ज्युनियर उभा असतो. बूट आणि केस दोन्ही चकचकीत, म्हणून मी त्याला पॉलिश म्हणतो.

बोलणं तपासणार! आणि कोणाचं, तर माझं!

५ मार्च, बुधवार

पहिली तपासणी. बाईंनी किल्ली, कंगवा, चमचा दाखवून विचारलं, हे काय. मी नुसती नावं सांगून थांबलो नाही. कंगव्याचं प्लास्टिक हलकं आहे हेही सांगितलं. मग टेबलाला हात लावा, खिडकीकडे बघा आणि मग डोळे मिटा. सगळं केलं. टेबल भुशाच्या बोर्डाचं आहे, ओल लागली की फुगणार, हे कोणी न विचारता सांगितलं. अशी फुकट सर्व्हिस कोण देतं?

बाई म्हणाल्या, शब्द शाबूत आहेत, वाक्यंही नीट आहेत. मी उठलोच. त्या म्हणाल्या, बसा, हे सोपं होतं. आता या शब्दांचं तुम्ही काय करता ते बघायचं.

शब्दांचं माणूस काय करतो? बोलतो. शिकलेल्या लोकांना कधी कधी साधं समजत नाही.

ता.क. शर्टांच्या कंपन्यांनी हल्ली काज लहान केलेत. बटणं लावायला फार वेळ जातो. लेखी तक्रार करायची.

८ मार्च, शनिवार

एक गंभीर गोष्ट लक्षात आली. ही बोलत नाही.

पूर्वी ऑफिसातून आली की हात धुता धुताच सुरू व्हायची. साहेब, लिफ्ट, शेजारच्या टेबलावरची ती नाकात बोलणारी, मग बहीण. आता मी बोलतो आणि ही नुसतं हं. मधेच तोंड उघडते, पुन्हा मिटते. आज जेवताना तीनचार वेळा तसं झालं. शब्द सापडत नसावेत. माझ्या अपघाताचा धक्का. लागलं मला आणि वाचा गेली हिची.

मुलीला विचारलं, तुझ्या आईचं काही लक्षात आलंय का. ती म्हणाली, हो बाबा, आलंय. पुढे काही म्हणणार होती, पण मला तिला स्प्रिंगच्या गादीतला आणि फोमच्या गादीतला फरक समजावून सांगायचा होता. तिने कानात इयरफोन घातले. या पिढीला ज्ञान नको.

ठराव: हिची केस स्पीचबाईंच्या कानावर घालायची. हिला कळू न देता.

१० मार्च, सोमवार

घातली. बाई, माझं राहू द्या, घरी खरा पेशंट आहे, म्हणालो. सगळी लक्षणं सांगितली. तोंड उघडणं, मिटणं, हं. बाईंनी पेन खाली ठेवलं, जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, त्यांना घेऊन या, दोघांचं एकमेकांशी बोलणं मला बघायचंच आहे. मी डोळा मारला. त्यांनी मारला नाही, पण त्यांच्या नोकरीत तसं चालत नसेल.

मग चित्र दाखवलं. एका खोलीत बाई, माणूस आणि मूल. चित्रात काय चाललंय ते सांगा. मी म्हणालो, चालणार काय, साइडबोर्ड चुकीच्या भिंतीला लावलाय. खिडकीसमोर कोण लावतं? उन्हाने पॉलिश उडतं. वीस मिनिटं भिंतींवर बोललो. शेवटी बाईंनी विचारलं, वरून काही पडतंय का? बघितलं तर छत गळत होतं आणि घरातला माणूस छत्री धरून मुलाला कडेवर घेऊन उभा होता.

मी म्हणालो, मग तर साइडबोर्ड हलवायलाच हवा.

१२ मार्च, बुधवार

आज फोनची तपासणी. वाचनालयात फोन करून रविवारी ते किती वाजता बंद होतं एवढं विचारायचं. बाई समोर बसल्या होत्या. पोरखेळ!

फोन एका बाईंनी उचलला. मी आधी ओळख करून दिली. गिऱ्हाइकाशी नातं जोडायचं, मग कामाचं (पुस्तकात प्रकरण दुसरं). दिवसभर खुर्चीवर बसून कंबर दुखत असेल, असं म्हणालो. दुखते म्हणाल्या. झालं! कंबर, खुर्ची, गादी, उशीची उंची, आमचा सेल. त्या सारख्या बरं बरं म्हणत होत्या. इतका प्रतिसाद फोनवर क्वचित मिळतो. मधे म्हणाल्या की काउंटरवर रांग लागलीय. मी म्हणालो, आमच्याकडेही लागते. शेवटी लाइन कट झाली. नेटवर्क.

स्पीचबाईंनी विचारलं, मग किती वाजता बंद होतं?

मी म्हणालो, वेळ काय, कोणीही सांगेल, मी माणूस जोडला. बाईंनी काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. चांगलं असणार, वाईट माणूस थोडक्यात लिहितो.

१७ मार्च, सोमवार

दोन तपासण्या. पहिली तोंडी. बाई छोटे प्रसंग सांगतात, त्यातल्या माणसाच्या मनात काय आहे ते ओळखायचं. पाहुणे बराच वेळ बसलेत. घरातली बाई जांभई देते आणि म्हणते, उद्या मला लवकर उठायचंय. तिला काय सुचवायचंय? मी तत्काळ म्हणालो, गादी खराब आहे. झोप पुरी होत नाही. बाई म्हणाल्या, दुसरं काही असू शकेल? मी म्हणालो, उशी.

दुसरी तपासणी माझ्या हातचा मळ. घडीचं टेबल उभं करायचं, पण मी हात लावायचा नाही. मधे पडदा. पडद्यापलीकडे बाईंची मदतनीस. मी बोलायचं, तिने फक्त ऐकून जोडायचं. प्रश्न विचारायचे नाहीत.

मी सुरुवात घडीच्या टेबलाच्या फायद्यांपासून केली. कोणतंही काम करणाऱ्याला आधी ते का करायचं हे कळलं पाहिजे. मग म्हणालो ते खेचा, मग ते तिकडे फिरवा, मग खटका दाबा. खटका दाबला की टेबल उभंच राहतं. मी इतकी वर्षं अशी टेबलं विकलीत.

पडदा काढला. टेबल उताणं पडलेलं, चारी पाय वर. मदतनीस एका बिजागरीत बोट अडकवून बसलेली. तिला सूचना पाळता येत नाहीत हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं. आणि हेही सांगितलं की तिच्यासारख्या रुंद बांध्याच्या व्यक्तीने घडीच्या टेबलावर रेलू नये. मदतनीस खोलीतून निघून गेली. बोटाला काहीतरी लावायला गेली असेल.

बाईंनी विचारलं, ती का गेली असं वाटतं? सांगितलं: बोट.

१९ मार्च, बुधवार

मोठा दिवस. हिची तपासणी.

पद्धत अशी. खोलीत दोन खुर्च्या आणि कॅमेरा. ओळखीच्या माणसाबरोबर दहा मिनिटं सहज गप्पा मारायच्या, बाई बाहेर. नंतर त्या व्हिडिओ बघून निष्कर्ष काढणार. आधी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच प्रश्न विचारले. समोरच्याला बोलायची संधी दिली जाते का? मुद्दा सोडून बोलणं होतं का? मी माझ्याबद्दल चटकन सांगितलं, सगळं उत्तम. ही आत बराच वेळ होती. बघा, साध्या प्रश्नांना किती कष्ट पडतात.

मी सकाळीच इस्त्रीचा आकाशी शर्ट घालून तयार झालो होतो. ही ऑफिसातून परस्पर आली होती. प्रश्नांच्या खोलीतून बाहेर येऊन तिने मला पाहिलं आणि डोळेच मोठे झाले. या वयात नवरा असा दिसतो म्हटल्यावर होणारच.

कॅमेरा सुरू झाला. ही म्हणाली, अहो, तुमचा... आणि अडकली. वाक्य पुरं नाही! मी सांभाळून घेतलं. सेलची तयारी, पॉलिशचे बूट, मदतनीसबाईचं बोट असं हलकंफुलकं बोललो, म्हणजे तिच्यावर ताण नको. ही पुन्हा म्हणाली, अहो, आधी ऐका ना. पुन्हा अडकली. मग हात गळ्याकडे गेला. सारखी आपली कॉलर चिमटीत धरून हलवायची. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घसा! प्रॉब्लेम डोक्यात नाही, घशात आहे.

नंतर तर माझ्या छातीकडे बोट केलं. एकदा नाही, तीनदा. शब्द सुचत नाहीत म्हणून खुणेने सांगते की जीव आहे. इतकी वर्षं झाली आणि अजून! मला भरून आलं. पण कॅमेरा चालू होता, म्हणून मी फोमच्या गाद्यांवर आलो.

संपल्यावर थेट शोरूमला जायचं होतं. बाईंना मला फ्लोअरवर एक तास काम करताना बघायचंय, त्याला मालकांची परवानगी मागायची होती. ही मागून अहो, अहो करत कॉरिडॉरमध्ये धावली. लिफ्टचं दार लागलं. आता कौतुक संध्याकाळी ऐकू म्हटलं.

बसमध्ये समोरची मुलगी माझ्याकडे बघून हसली. मालक तर बोलताना सारखे छातीकडेच बघत होते. मी ती आणखी पुढे काढली. घरी सगळं ठीक आहे ना, बायको बरी आहे ना, असं दोनदा विचारलं. किती काळजी! शनिवारचा एक तास मिळाला. शेजारी पॉलिश राहील म्हणाले. राहू दे. शिकेल.

संध्याकाळी हिला विचारलं, दुपारी काय सांगत होतीस? उत्तर द्यायच्या आत मला मालकांचं आठवलं, ते सांगायला घेतलं. शेवटी ही म्हणाली, आता सांगून काय उपयोग. आणि आत गेली. घशासाठी कोमट पाणी दे म्हणून मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, कोणाच्या?

२२ मार्च, शनिवार

फ्लोअर! साडेचार महिन्यांनी. पलंगांच्या मधून चालताना मला खरंच रडू फुटलं असतं. गोदामात माणूस गाद्यांशी बोलतो. गाद्या ऐकतात, पण विकत घेत नाहीत.

स्पीचबाई कपाटांच्या रांगेत गिऱ्हाईक बनून उभ्या. खरं गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्कर गृहस्थ आले. नीटनेटके, हातात मोजमापाची पट्टी. सिंगल बेड हवाय म्हणाले. घरी डबल आहे, तो देऊन टाकायचाय.

इथे कच्चा सेल्समन सिंगल दाखवतो. मी म्हणालो, देऊन कशाला टाकता, एक्स्चेंज करा, नवा डबल घ्या. ते म्हणाले, आता एकट्यालाच लागतो. मी म्हणालो, आज एकटे, उद्या पाहुणे येतील. ते म्हणाले, खोली फार मोठी वाटायला लागलीय. मी म्हणालो, बघा, तुम्हीच म्हणालात! मोठ्या खोलीत सिंगल बेड केविलवाणा दिसतो. बिनतोड. मग त्यांना आमच्या सर्वांत रुंद बेडवर झोपवलं. उजव्या बाजूला झोपले. म्हटलं, डावा हात पसरा, किती जागा आहे बघा, सगळी तुमची.

त्यांनी हात पसरला. जरा वेळ तसाच ठेवला. मग उठून बसले, चष्मा काढून पुसला. धूळ असते, गोदामाकडून येते, मी मालकांना किती वेळा सांगितलंय. थँक्यू म्हणाले आणि काही न घेता निघाले. विचार करून येतो, या जातीचं गिऱ्हाईक.

पॉलिश त्यांच्या मागे दारापर्यंत पळाला. तिथे उभा राहून हळू आवाजात काही विचारत होता आणि ते बोलत होते. बराच वेळ. याला म्हणतात ताटातलं पळवणं. मालकांना सांगणार आहे.

स्पीचबाई त्या बेडकडे बघत उभ्या होत्या. आवडलेला दिसतो. सेलपर्यंत थांबा म्हणून सांगितलं.

२४ मार्च, सोमवार

परवा निकाल. होकार धरून चाललोय. तयारी:

पॉलिशला सांगितलं, ड्रॉवर रिकामा कर. तो म्हणाला, बरं काका. मला काका म्हणतो! म्हातारा करून टाकायचा डाव.

हिच्यासाठी घशाच्या गोळ्या आणल्या. हिने गोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, पाठीवरून कळलं नाही. विचारावं म्हटलं, पण तेवढ्यात गोळ्यांवरची एक्सपायरी वाचायला घेतली.

२६ मार्च, बुधवार

निकाल.

आम्ही दोघं आणि स्पीचबाई. बाई म्हणाल्या, मी काही सांगण्याआधी तुम्ही स्वतः व्हिडिओ बघा, आणि हवं तिथे थांबवा. मी हिला समजावलं की घाबरायचं काही नाही, घशाला हल्ली औषधं आहेत. हिने मान खाली घातली.

बाईंनी व्हिडिओ लावला.

पडद्यावर एक माणूस. आकाशी शर्ट. बटणं एक घर सोडून लावलेली. कॉलरची डावी बाजू कानाशी, उजवी छातीवर, खाली एक टोक लोंबतंय आणि मधल्या फटीतून बनियन. बनियनलाही भोक. हा माणूस मान ताठ करून फोमच्या गाद्यांवर बोलतोय. समोरची बाई म्हणते, अहो, तुमचा. तो बोलतोय. ती म्हणते, आधी ऐका ना. तो बोलतोय. ती आपली कॉलर धरून हलवते. तो तिच्याकडे बघून प्रेमाने हसतो आणि बोलतो. ती त्याच्या छातीकडे बोट करते. त्याचे डोळे पाणावतात. तो बोलतो.

इथे हिला हसू आवरेना. तोंडावर पदर, डोळ्यांतून पाणी, खुर्ची करकरायला लागली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा ही अशी हसली. स्पीचबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे कान लाल झाले होते. मग मीही हसलो. मालक आठवले, बसमधली मुलगी आठवली, आणखी हसलो. मी तसाच छाती पुढे काढून अर्धं शहर फिरलो होतो.

मग माझं हसू थांबलं. व्हिडिओ चालूच होता. मी थांबवला नव्हता. माणूस बोलत होता, आणि समोरच्या बाईने आता हात मांडीवर ठेवले होते. तोंड उघडणं सोडून दिलं होतं. नुसती त्याच्याकडे बघत होती. घशाला काही झालेलं नव्हतं.

का कोण जाणे, मला त्या गृहस्थांचा डावा हात आठवला. मोकळ्या गादीवर ठेवलेला. मी म्हणालो, बाई, त्यांच्या डावीकडे कोणीतरी झोपायचं ना? बाई म्हणाल्या, हो. मी म्हणालो, मी त्यांना झोपवून हात पसरायला लावला. हिने माझा हात धरला.

मला माझी लाज वाटली. एवढंच लिहितो.

होकार नाही. बाई म्हणाल्या, शब्द गेले नाहीत, समोरचा माणूस दिसेनासा झालाय. तो परत दिसायला लागेल, पण त्यावर काम करावं लागेल, घरी आणि इथे, आणि काही महिन्यांनी पुन्हा व्हिडिओ. तोवर गोदाम. मी विचारलं, सेलनंतर? म्हणाल्या, काही महिन्यांनी. मी विचारलं, म्हणजे साधारण सेलच्या आसपास? हिने माझा हात दाबला.

२८ मार्च, शुक्रवार

ते गृहस्थ पुन्हा आले होते म्हणे. पॉलिशकडून सिंगल बेड घेतला. पॉलिश स्वतः डिलिव्हरीबरोबर गेला, जुना पलंग उतरवायला मदत केली, तिथेच चहा प्यायला. मी विचारलं, त्या दिवशी दारात तू काय बोललास? तो म्हणाला, मी काही बोललो नाही काका. झोप लागते का एवढंच विचारलं. तुम्हीच शिकवलंत की.

मी असं काही शिकवल्याचं मला आठवत नाही. घरी आल्यावर हिला विचारलं, आधी मी कसा बोलायचो? आणि ओठ दाबून बसलो. फार जड गेलं.

ही म्हणाली, तुम्ही? तुम्ही बोलायचातच कुठे. गिऱ्हाईक आलं की विचारायचात, झोप लागते का. आणि गप्प उभे राहायचात. मग लोक आपणहून सांगत बसायचे. पाठ, सासू, घोरणारा नवरा. मालक म्हणायचे, हा पलंग विकत नाही, हा नुसता उभा असतो आणि पलंग जातात. लग्न ठरवायला आलात तेव्हा मला विचारलंत, ऑफिसात कंटाळा येतो का. मी सुटलेच. माझी आई आतून खुणा करत होती, पुरे आता. तुम्ही ऐकत होतात. म्हणून तर मी हो म्हणाले.

मला तो माणूस आवडला. त्याला भेटायला हवं होतं.

'बोला आणि विका'चं काय करायचं, हा प्रश्न आहे. इतकी वर्षं मी बोलून विकत होतो असं मला अगदी पक्कं वाटत होतं.

ठराव: रोज संध्याकाळी पहिली पाळी हिची. आज सुरू केलं. न्हाणीघरातला नळ गळतोय. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, जानेवारीपासून सांगतेय.

१ एप्रिल, मंगळवार, सकाळी

आज सेल. पॉलिश फ्लोअरवर. मी मागे. गाद्यांना लेबलं.

शर्ट घातला, बटणं लावली, आरशात बघितलं. डावी बाजू वर, उजवी खाली. काज लहान नाहीत. तक्रारीचं पत्र फाडलं.

हिला हाक मारली. ही आली, सगळी बटणं काढली आणि खालून एकेक लावायला लागली. लावता लावता बोलायला लागली. साहेबांची बदली होतेय, नाकात बोलणारीने पेढे वाटल्यासारखा चेहरा केलाय, लिफ्ट अजून बंदच, आणि बहिणीची पाठ धरलीय. मी नुसता उभा. मधे एकदाही बोललो नाही.

म्हणजे एकदाच. बहिणीच्या पाठीवरून म्हणालो, गादी... हिचा हात बटणावर थांबला. मी लगेच विचारलं, मग काय म्हणाली बहीण?

वरचं बटण लागलं तरी ही सांगतच होती. बस चुकली.